तंतोतंत उतरवून घेताना

“वाजतीय की ती. मग आणि काय करालीस?” असे बाबांनी विचारले, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि संगणकाचा सीडी ड्राइव्ह वीस मिनिटांपासून एकाच जागी अडून तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत होता. बाबांचा प्रश्न रास्त होता. तीच सीडी संध्याकाळी त्यांनी आपल्या जुन्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. ती कुठेही अडकली नव्हती, आणि नाट्यपदातल्या ज्या तानेपाशी माझा ड्राइव्ह थबकला होता त्याच तानेला त्यांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली होती. जी सीडी नीट वाजते तिच्यावरून गाणे उतरवून घ्यायला पाच-दहा मिनिटे पुरावीत, असे कोणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. वाजणे वेगळे आणि उतरवून घेणे वेगळे, हे मला समजले ते महापुरात भिजलेल्या सव्वाशे सीडी एकेक करून हाताळताना.

आमचे घर कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते, यावरून त्या वर्षीच्या पाण्याची कल्पना यावी. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी राजारामपुरीत मामांकडे गेलो. घरातले धान्य, कागदपत्रे आणि देव वरच्या मजल्यावर नेले होते, पण सोप्यातल्या शिसवी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत बाबांच्या सीडी होत्या आणि घाईत त्यांची आठवण कोणालाच झाली नाही. आठवड्याने परत आलो तेव्हा कपाट फुगून त्याची दारे उघडेनाशी झाली होती. सुताराला बोलावून ती काढली आणि आतून गाळाने भरलेल्या प्लास्टिकच्या डब्या बाहेर आल्या.

सीडीच्या बाबतीत पाणी हा मोठा शत्रू नसतो. पॉलिकार्बोनेटची १.२ मिलिमीटर जाडीची चकती पाण्याने बिघडत नाही. खरा धोका असतो गाळातल्या बारीक वाळूचा, कारण चिखल वाळल्यावर पुसायला जावे तर प्रत्येक कण ओरखडा काढतो. म्हणून आम्ही सीडी घंगाळात साध्या पाण्यात बुडवून ठेवल्या, मग सौम्य साबणाच्या पाण्यातून काढून पुन्हा धुतल्या, आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसल्या. गोल गोल पुसायचे नसते. सीडीवरची माहिती एका सलग रेषेत, आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिलात मांडलेली असते. त्या रेषेला आडवा छेद देणारा ओरखडा ड्राइव्ह सहन करतो, पण रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा सलग बरीच माहिती खाऊन टाकतो. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. आपण चकाकणारी खालची बाजू जिवापाड जपतो, पण परावर्तन करणारा ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो तो वरच्या, छापील बाजूला, लाखेच्या एका पातळ लेपाखाली. तिथला ओरखडा हा थरच खरवडून काढतो, आणि मग ती सीडी कोणत्याही पॉलिशने बरी होत नाही. आतल्या पुस्तिका मात्र सगळ्या गेल्या. पानाला पान चिकटून त्यांचा लगदा झाला होता. गायकांची छायाचित्रे, साथीदारांची नावे, रागांची माहिती, सगळे त्यात गेले. बाबांना सीडींपेक्षा या पुस्तिकांचे दुःख अधिक झाले, आणि ते का, हे मला पुढे नावे भरायला बसल्यावर उमजले.

धुतलेल्या सीडी सावलीत वाळवून बाबांच्या प्लेअरवर लावून पाहिल्या. दहा-बारा सोडल्या तर सगळ्या वाजल्या. त्या आनंदात आम्ही काम संपले असे मानले असते, पण माझ्या मनात एक जुनी चूक सलत होती.

२००७ साली मी घरातल्या काही सीडी संगणकावर उतरवल्या होत्या. तेव्हा हार्डडिस्क लहान होती, म्हणून १२८ किलोबिटच्या एमपीथ्री फाइली केल्या आणि जागा अडते म्हणून त्यांतल्या तीसेक सीडी देऊन टाकल्या. सीडीवर दर सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट माहिती असते. म्हणजे मी मूळ माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा ठेवला आणि बाकीचा टाकला. एमपीथ्री हे काम आंधळेपणाने करत नाही. मोठ्या आवाजाच्या आड लपणारा लहान आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, या अभ्यासावर ती पद्धत उभी आहे, आणि तिच्या रचनाकारांचे कौशल्य मी कमी लेखत नाही. पण तंबोऱ्यापाशी ती युक्ती उघडी पडते. जवारीवरून, म्हणजे घोडीच्या घासून बसवलेल्या पृष्ठभागावरून, तार घासत गेली की एका स्वरातून जे असंख्य बारीक स्वर उमलत वर जातात, ते अगदी अशाच आडोशाला राहणारे असतात. माझ्या त्या फाइलींत तंबोरा पाण्याखाली ठेवल्यासारखा खळखळतो. गायक षड्जावर स्थिरावतो तेव्हा त्याच्यामागे भरून राहिलेली जी आस, म्हणजे लांबत राहणारा नाद, असायला हवी, तिथे एक अस्थिर झिरमिर ऐकू येते. त्या तीस सीडींपैकी अनेक आता बाजारात मिळत नाहीत, आणि एमपीथ्रीवरून मोठी फाइल तयार केल्याने गेलेले परत येत नाही.

प्रामाणिकपणे हेही नोंदवायला हवे की ३२० किलोबिटची चांगली एमपीथ्री आणि मूळ सीडी यांतला फरक माझ्या कानांना बहुतेक वेळा कळत नाही. रोज चालताना ऐकण्यासाठी फोनमध्ये मी तशाच फाइली ठेवते. पण जी प्रत पुढच्या सगळ्या प्रतींची आई होणार आहे, तिच्यातून काहीही वजा झालेले नसावे, हा माझा आग्रह कानाच्या कसोटीवर अवलंबून नाही. कान आज आहेत तसे उद्या राहणार नाहीत, आणि उद्याचे ऐकणारे कोण असतील, त्यांना त्यात काय शोधायचे असेल, ते आज मी ठरवू नये.

म्हणून २०१९ च्या दिवाळीनंतर मी सीडी नव्याने उतरवायला घेतल्या, आणि बाबांचा तो प्रश्न याच काळातला.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार ऑडिओ सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटचे. एका सेकंदाचे ७५ भाग पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात आणि प्रत्येकात २,३५२ बाइट असतात. चकतीवर धूळ बसणार, ओरखडे पडणार, हे रचनाकारांनी आधीच गृहीत धरले होते. त्यांनी सलग माहिती सलग न मांडता ती विखरून ठेवली आणि तिच्यासोबत पडताळणीचे जादा आकडे दिले. त्यामुळे एका जागी खाडा पडला तरी हरवलेले आकडे इतरत्र विखुरलेल्या आकड्यांवरून गणिताने परत काढता येतात. रेषेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा खाडा अशा रीतीने पूर्ण भरून निघतो, एक बिटही न चुकता.

खाडा त्याहून मोठा असेल, तर प्लेअर अंदाज करतो. अलीकडचे आणि पलीकडचे मोजमाप पाहून मधले स्वतः ठरवतो, आणि तेही जमले नाही तर क्षणभर आवाज मिटवतो. ऐकणाऱ्याला ते कळू नये अशीच ती योजना आहे. घरी बसून गाणे ऐकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. तानेच्या मध्यावर खटका ऐकू येण्यापेक्षा सफाईने भरलेला एक लहानसा अंदाज केव्हाही बरा. पण उतरवून घेणाऱ्याला नेमके तेच नको असते. मूळ काय आणि यंत्राने भरलेले काय, हे प्रतीत मिसळून गेले की पुढे कोणालाही ते वेगळे करता येत नाही.

माहितीची सीडी आणि गाण्याची सीडी यांत इथे एक महत्त्वाचा फरक आहे. संगणकाच्या माहितीसाठी तयार होणाऱ्या सीडीत त्याच २,३५२ बाइटच्या सेक्टरात माहितीला २,०४८ बाइटच दिलेले असतात, आणि उरलेल्या जागेत सेक्टरचा अचूक पत्ता व चूक दुरुस्तीची आणखी एक तटबंदी असते. गाण्याच्या सीडीत सगळी जागा आवाजाला दिली आहे. तिथे ती दुसरी तटबंदी नाही, आणि सेक्टरचा पत्ताही आवाजाच्या सोबत न राहता शेजारच्या उपप्रवाहात असतो. त्यामुळे ड्राइव्हला ‘अमुक सेक्टर दे’ म्हटले तर तो नेमका तिथूनच सुरुवात करेल याचा भरवसा नसतो. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ठरावीक काही मोजमापे अलीकडून किंवा पलीकडून वाचायला लागतो, कोणी दहा-वीस, कोणी सहाशेच्या वर, आणि ती चूक दर वेळी तेवढीच असल्यामुळे एकदा शोधून काढली की वजा करता येते. सहाशे मोजमापे म्हणजे सेकंदाचा साधारण त्र्याहत्तरावा भाग. कानाला हे जाणवणार नाही हे उघड आहे, पण दोन प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील तर दोघींची सुरुवात एकाच ठिकाणी असायला हवी.

मी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम वापरते. आंद्रे विटहॉफ या जर्मन विद्यार्थ्याने तो १९९८ मध्ये लोकांसमोर आणला, कारण तेव्हाच्या प्रोग्रॅमनी उतरवलेल्या गाण्यांतले खटके त्याला सहन होत नव्हते. त्याची रीत एखाद्या काटेकोर तपासनिसाची आहे. प्रत्येक सेक्टर तो किमान दोनदा वाचतो. दोन्ही वाचने जुळली तर पुढे जातो. न जुळली तर तोच सेक्टर सोळा वेळा वाचतो आणि त्यांतली आठ वाचने सारखी येतात का ते पाहतो. तीही आली नाहीत तर पुन्हा सोळा, असे पाच फेऱ्यांपर्यंत. म्हणजे एका हट्टी सेक्टरसाठी ८२ वाचने होऊ शकतात, आणि सेक्टर म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. ड्राइव्हने आपल्या तात्पुरत्या साठवणीतले जुनेच वाचन पुन्हा पुढे करू नये म्हणून मध्ये दुसरीकडचा भाग वाचायला लावून ती साठवण रिकामी करण्याचीही व्यवस्था आहे. बाबांना रात्री ऐकू येणारी ती घरघर या वाचनांची होती.

शेवटी प्रोग्रॅम एक नोंद लिहून देतो. कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या तारखेला, किती दुरुस्ती वजा करून वाचले. कोणता ट्रॅक निर्दोष आहे आणि कोणत्या ट्रॅकमध्ये कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला शंका आहे, हे सर्व त्यात असते. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या देवघरातल्या हस्तलिखित पोथीचे शेवटचे पान आठवले. जुने नकलकार पोथी पुरी झाली की खाली लिहीत: जसे पाहिले तसेच लिहिले आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा मानू नये. लहानपणी मला ती पळवाट वाटायची. आता वाटते की तो माणूस वाचणाऱ्याला एक महत्त्वाचा शब्द देत होता: कळले नाही तिथे मी स्वतःच्या पदरचे घातलेले नाही.

उतरवलेला आवाज साठवण्यासाठी मी फ्लॅक हा प्रकार घेतला. जॉश कोल्सन यांनी २००० मध्ये त्यावर काम सुरू केले, पुढच्या वर्षी त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने त्याची रचना अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध केली. ती रचना खुली आहे, कोणाच्या मालकीची नाही, म्हणून तीस वर्षांनी ती वाचणारा प्रोग्रॅम कोणीतरी लिहू शकेल असा मला विश्वास वाटतो. फ्लॅकमुळे फाइल मूळच्या साधारण निम्म्या ते साठ टक्के आकाराची होते, आणि उलगडली की मूळचे सर्व आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

काहीही न टाकता आकार निम्मा कसा होतो, याचे मला बरेच दिवस कोडे होते. त्याचे उत्तर बैठकीला बसणाऱ्या माणसाला पटकन पटेल असे आहे. तिहाईचे, म्हणजे तीनदा येणाऱ्या एकाच तुकड्याचे, पहिले दोन पल्ले ऐकले की तिसरा कुठे संपणार याचा अंदाज आपल्याला येतो. तो तसाच आला तर ‘ठरल्याप्रमाणे’ एवढेच म्हणून भागते, आणि वेगळा आला तर किती वेगळा एवढेच सांगावे लागते. फ्लॅक आवाजाचे लहान तुकडे घेते, बहुधा ४,०९६ मोजमापांचा एक, आणि प्रत्येक तुकड्यासाठी आधीच्या काही मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधणारे सूत्र काढते. मग सूत्र आणि त्याचा चुकलेला भाग एवढेच आटोपशीर रीतीने लिहून ठेवते. सूत्राचा अंदाज आणि चुकलेला भाग यांची बेरीज म्हणजे मूळ मोजमाप. इथेही अंदाज आहे, पण तो चुकीसकट नोंदवलेला असल्यामुळे काहीच हरवत नाही. लांब लावलेला स्वर असा अंदाजात सहज बसतो. तबल्याची थाप बसत नाही. आणि सर्वांत वाईट बसते ती कॅसेटची खरखर, कारण तिच्यात पुढे काय येणार याचा आधीच्यावरून काही थांगच लागत नाही. हे वाक्य लेखाच्या शेवटी पुन्हा कामाला येणार आहे.

प्रत्येक फ्लॅक फाइलच्या आरंभी मूळ आवाजाच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली एक गणिती खूण साठवलेली असते. दहा वर्षांनी फाइल उलगडून तीच खूण पुन्हा काढली आणि जुळली, तर मधल्या काळात हार्डडिस्कवर एक बिटही बदललेला नाही याची खात्री होते. मी हे दर वर्षी पावसाळ्याच्या आधी करते.

आपल्या शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. कंपन्यांनी एकाच रागाचा विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्या ट्रॅकवर टाकलेला असतो. मधली सीमा कागदावर असते. प्रत्यक्षात तंबोरा वाजतच असतो, तबलजी ठेका वाढवत असतो, आणि कधी कधी तर आवर्तनाच्या मध्यावरच ट्रॅक बदलतो. एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांना रचनेच्या गरजेपोटी थोडी रिकामी जागा जोडली जाते आणि अनेक प्लेअरांवर तिथे आस तुटते. फ्लॅकमध्ये पहिल्या ट्रॅकच्या शेवटच्या मोजमापाला दुसऱ्याचे पहिले मोजमाप थेट भिडते, आणि समेवर यायचे ते समेवरच येते.

नावांचे काम मात्र यंत्रावर सोडता आले नाही. बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्यांची नावे नोंदलेलीच नसतात. संगणकावर जी नावे आपोआप उमटतात ती ट्रॅकांच्या लांब्यांवरून इंटरनेटवरच्या सूचीत शोधून आणलेली, आणि ती सूची आपल्यासारख्याच कोणीतरी हाताने भरलेली. मराठी नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या सीडींपैकी कितीतरी तिथे नव्हत्याच. होत्या त्यांत जौनपुरी रागाचा जोगिया झालेला, संगीतकाराच्या जागी निवेदकाचे नाव, तबलजीचा तर पत्ताच नाही. पुस्तिकांचा लगदा झाल्याचे दुःख बाबांना का झाले होते, ते मला या वेळी कळले. आम्ही संध्याकाळी एकेक सीडी लावायचो, बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि “ही पेटी कोणाची ते सांगतो, थांब” म्हणून आठवत बसायचे. ज्या नावांची त्यांना खात्री वाटली नाही तिथे आम्ही रकाना मोकळा ठेवला. राग, ताल, गायक, साथीदार, सगळे मी देवनागरीत भरले. फ्लॅकला त्यात काही अडचण येत नाही आणि शोधताना जोडाक्षरेही नीट सापडतात.

तपासणीचा आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो फार हृद्य वाटतो. ‘ॲक्युरेटरिप’ नावाच्या सामायिक साठ्यात जगभरातल्या लोकांनी उतरवलेल्या सीडींच्या गणिती खुणा जमा असतात. आपली खूण इतरांच्या खुणेशी जुळली तर समजावे की वेगळ्या चकतीवरून, वेगळ्या ड्राइव्हवर, वेगळ्या माणसाने वाचलेला आवाज आणि आपला आवाज बिटाबिटाने एक आहे. दोन वेगवेगळ्या ओरखड्यांनी नेमकी एकच चूक करणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे याहून मोठा पुरावा घरबसल्या मिळत नाही. हिंदी चित्रपटांच्या गाजलेल्या सीडी दीडशे-दोनशे जणांशी जुळल्या. गीतरामायणाची एक सीडी दोघांशी जुळली. कोण असतील ते दोघे, कोणत्या गावी, याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचा तोच आवाज त्यांनीही माझ्यासारखाच जपून उतरवला होता. अर्ध्याहून अधिक मराठी सीडींसमोर मात्र ‘साठ्यात नोंद नाही’ एवढेच उमटले. त्यांच्या बाबतीत पूर्ण सीडी दोनदा वाचून दोन्ही खुणा जुळतात का एवढेच पाहता आले.

कोल्हापुरात राहून ध्वनिमुद्रणाचा विचार करताना अल्लादिया खाँसाहेबांची आठवण टाळता येत नाही. १८५५ ते १९४६ एवढे त्यांचे आयुष्य. शाहू महाराजांच्या दरबारी ते गवई होते आणि जयपूर-अत्रौली गायकीचा पाया त्यांनी घातला. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत ते यंत्र चाळीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होते. तरीही त्यांच्या आवाजाचे एकही मुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांचे गाणे उतरले ते शिष्यांच्या गळ्यात: मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे चिरंजीव, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आणि भूर्जी खाँसाहेबांकडून पुढे मल्लिकार्जुन मन्सूर व धोंडूताई कुलकर्णी. केसरबाईंची एक भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात गेली. गळ्यातून गळ्यात उतरलेले गाणे जिवंत असते, ते बदलते, वाढते, आणि ते तसेच हवे. पण खुद्द खाँसाहेब षड्ज कसा लावत, हे विचारायला आता जागा उरलेली नाही. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेवरून जाताना मला दर वेळी हे जाणवते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा बाबा पहाटेपर्यंत जागे होते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले ते नाट्यगृह; बाबांनी तिथे ऐकलेल्या मैफलींपैकी बहुतेकींचे मुद्रण कोणी केलेले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबांनी स्वतःहून कपाटातून एक सीडी काढून माझ्या हातात दिली. ती कंपनीची नव्हती. माझी आत्या गाणे शिकली होती आणि घरापलीकडे क्वचितच गायली. १९८८ मध्ये आमच्याच सोप्यात झालेली तिची एक बैठक काकांनी कॅसेटवर घेतली होती. २००४ मध्ये चुलतभावाने ती कॅसेट कोऱ्या सीडीवर उतरवली, आणि बुरशी आलेली कॅसेट टाकून देण्यात आली. आत्या २०११ मध्ये गेली. घरी लिहिलेल्या सीडीत कंपनीच्या सीडीतल्यासारख्या खाचांऐवजी सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि तो ऊन, दमट हवा आणि काळ यांनी विटत जातो. ही तर पुरातूनही गेली होती. तिच्यावर मार्करने लिहिलेले आत्याचे नाव अर्धे पुसले गेले होते. जगात या आवाजाची दुसरी प्रत नाही, ताडून पाहायला कोणाची खूण नाही.

मी ती सर्वांत कमी वेगाने वाचायला लावली. पहिला ट्रॅक पूर्ण व्हायला अडीच तास लागले. दोन वेगळ्या ड्राइव्हवर तीच प्रक्रिया केली. ४७ मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात तीन सेक्टर सोडून सर्व काही दोन्हीकडे जुळले. ते तीन सेक्टर ८२ वाचनांनंतरही एकमत होईनात. एका सेकंदाचा पंचविसावा भाग, पहिल्या मिनिटाच्या आतला. तो मी दुरुस्त करायला गेले नाही. नोंदीत आहे तसा राहू दिला.

चुलतभावाने मागे सगळ्यांना वाटलेल्या एमपीथ्रीत बंदिशीच्या आधीचा भाग कापलेला होता, त्यामुळे हा आरंभ मी कधी ऐकलाच नव्हता. तंबोऱ्याची एक तार उतरलेली असते, कोणीतरी खाकरते, आणि आत्याचा आवाज येतो: “थांबा जरा, परत लावून घेतो.” कोल्हापुरातल्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असेच बोलतात, लिहिताना मी ‘घेते’ लिहिते, पण घरात माझेही तेच आहे. आत्याच्या तोंडचे ते ‘घेतो’ तेरा वर्षांनी ऐकले तेव्हा मला फाइल थांबवावी लागली.

त्या फाइलीचा आकार मात्र मला खटकत होता. एक गळा, एक तंबोरा, पेटी आणि हलका तबला, एवढ्या ऐवजाला फ्लॅकने निम्म्याहून बरीच कमी जागा घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात ती कंपनीच्या सीडींपेक्षा मोठी झाली. कारण उघड होते. मागे सतत एक खरखर होती, कमी-जास्त होणारी, अंदाजात न बसणारी. कॅसेटचाच तो दोष असे मी समजले. फाइलीची एक वेगळी प्रत करून तिच्यातली खरखर काढून टाकावी, म्हणजे बाबांना आत्याचा आवाज स्वच्छ ऐकू येईल, असे ठरवून मी प्रोग्रॅम उघडला आणि बाबांना जवळ बसवून आधी मूळ आवाज लावला. बाबांना आता डाव्या कानाने कमी ऐकू येते. ते उजवा कान स्पीकरकडे करून बसले.

आत्या तंबोरा लावत होती. बाबा काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “खरखर कुठली? पाऊस हाय तो. मागच्या पत्र्यावरचा. त्या दिवशी दुपारपासून लागून राहिलेला, म्हणून तर तंबोरा उतरत होता.”

मी पुन्हा सुरुवातीपासून ऐकले. मधूनच सर वाढते, आत्या दोन तारा थांबते, आणि सर ओसरली की पुन्हा खुंटी पिळते. तबलजीचे नाव, पेटीवर कोण होते, सोप्यात कोण कोण बसले होते, हे बाबांनी सांगितले ते मी एकेका रकान्यात भरले. राग गौड मल्हार. टिपणीच्या रकान्यात ‘मागे पत्र्यावर पाऊस’ असे लिहिले, प्रोग्रॅम काही न करता बंद केला, आणि फाइल तिच्या नोंदीसह दोन हार्डडिस्कवर घातली. एक आमच्या वरच्या मजल्यावर असते. दुसरी राजारामपुरीत मामांकडे.